कॅन्सर टाळण्यासाठी ७५ ची अ‍ॅस्पिरिन घ्यावी का? मेडिकलमध्ये मिळणाऱ्या एका स्वस्त गोळीचं परीक्षण

कोल्हापुरात सीपीआर हॉस्पिटलच्या आसपास, राजारामपुरीत, महाद्वार रोडला, अगदी गल्लीतल्या छोट्या मेडिकलमध्येही मिळणारी गोळी आहे ही. पट्टीवर ‘अ‍ॅस्पिरिन गॅस्ट्रो-रेझिस्टंट टॅब्लेट्स ७५ मिग्रॅ’ असं छापलेलं असतं. सगळ्यांच्या तोंडी असलेलं नाव इकोस्प्रिन ७५. चौदा गोळ्यांची पट्टी दहा रुपयांच्या आत येते, आणि हीच अ‍ॅस्पिरिन जनऔषधी केंद्रातही मिळते. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या, स्टेंट टाकलेल्या माणसाला ती कित्येक वर्षं दिली जाते, आणि त्या कामासाठी तिची योग्यता आता वादाची राहिलेली नाही.

हे परीक्षण दुसऱ्याच कामाचं आहे. ‘रोज एक इकोस्प्रिन घ्या, कॅन्सर होत नाही’ असा मेसेज वाचून धडधाकट माणसं काउंटरवर पट्टी मागायला येतात. मेसेज पूर्ण खोटा नाही, म्हणून तो जास्त काळजीचा. त्यामागे खरं संशोधन आहे. ते कुणावर झालं, किती डोसवर झालं आणि त्यात नुकसान किती निघालं, एवढंच मेसेजमध्ये गाळलेलं असतं.

निकाल आधीच सांगतो. लिंच सिंड्रोम नावाचा आनुवंशिक दोष असलेल्यांना ही गोळी खरोखर उपयोगी आहे. मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालेल्या काही ठराविक रुग्णांना कॅन्सरतज्ज्ञाच्या सल्ल्याने तिचा फायदा होऊ शकतो. पन्नाशीतल्या निरोगी माणसाने डॉक्टरांबरोबर बसून स्वतःचा हिशोब केल्याशिवाय घेऊ नये. आणि साठीच्या पुढच्या, हृदयाचा काही त्रास नसलेल्या माणसाने केवळ कॅन्सरच्या भीतीने ती सुरूच करू नये. हृदयासाठी डॉक्टरांनी लिहून दिली असेल तर मात्र हे वाचून एकही गोळी चुकवू नका. स्टेंट असताना ती अचानक बंद करणं जिवावर बेतू शकतं.

सूज उतरवणाऱ्या गोळीचा कॅन्सरशी संबंध काय

गाठीमध्ये पांढऱ्या पेशी सापडतात, तेव्हा दाह आणि कॅन्सर यांचं काहीतरी नातं असावं, हे जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो यांनी १८६३ मध्ये मांडलं. पुढे ते अनेक अवयवांत दिसलं. जठरात एच. पायलोरी जिवाणू वर्षानुवर्षं राहिला तर जठराचा कॅन्सर, हिपॅटायटिस बी किंवा सीमुळे यकृत सतत सुजत राहिलं तर यकृताचा, आतड्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठं आतडं वर्षानुवर्षं सुजवणारा आजार) असेल तर आतड्याचा. जखम भरायला पेशी वाढतात, पण जखम कधी भरतच नाही तेव्हा ती वाढही थांबत नाही, आणि प्रत्येक वाढीबरोबर जनुकात चूक होण्याची शक्यता चढत जाते.

अ‍ॅस्पिरिन या साखळीत नेमकं कुठे हात घालते, हे १९७१ मध्ये जॉन वेन यांनी दाखवलं. ती कॉक्स नावाचं एन्झाइम बंद पाडते, त्यामुळे सूज आणि दुखणं आणणारं प्रोस्टाग्लँडिन हे रसायन तयार होत नाही. या कामासाठी त्यांना १९८२ चं नोबेल विभागून मिळालं. कॉक्सचे दोन मुख्य प्रकार. कॉक्स-१ जठराचं अस्तर राखतं आणि रक्त गोठवायला मदत करणाऱ्या प्लेटलेट चालवतं, तर कॉक्स-२ सूज आली की वाढतं. आतड्यातल्या पॉलिपमध्ये (अस्तरावर उगवणारा छोटा मांसल उंचवटा) आणि गाठीतही कॉक्स-२ वाढलेलं सापडतं.

पण ७५ मिग्रॅ एवढ्या छोट्या डोसने शरीरातली सूज उतरत नाही. सूज आणि दुखणं उतरवायला याच औषधाचा कित्येक पट डोस लागतो. मग फायदा कशातून? उत्तर बहुधा प्लेटलेटमध्ये आहे. अ‍ॅस्पिरिन रक्तात जेमतेम पंधरा-वीस मिनिटांत अर्ध्यावर येते, पण तेवढ्या वेळात प्लेटलेटचं कॉक्स-१ कायमचं बंद करून जाते. प्लेटलेटला केंद्रक नसतं, त्यामुळे ती नवं एन्झाइम बनवू शकत नाही. तिचं आयुष्य आठ-दहा दिवसांचं, तेवढे दिवस ती बंदच. म्हणून ७५ पुरते आणि म्हणूनच एकदाच गोळी घेतली तरी रक्त पुढचे काही दिवस नेहमीसारखं गोठत नाही. केंब्रिजच्या गटाने २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवलं की प्लेटलेटमधून निघणारं थ्रोम्बॉक्सेन हे रसायन कॅन्सरशी लढणाऱ्या टी पेशींना दाबून ठेवतं, आणि अ‍ॅस्पिरिनने ते थांबलं की दूरवर पसरू पाहणाऱ्या पेशी मारल्या जातात. हे काम उंदरांमधलं आहे. दिशा पटण्यासारखी आहे, पण तेवढ्यावरून काउंटरवरची पट्टी उचलता येत नाही.

पुरावा काय सांगतो

१९९१ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या ६ लाख ६२ हजारांहून जास्त माणसांच्या माहितीत, नेहमी अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांत मोठ्या आतड्याच्या कॅन्सरने मरणारे कमी दिसले. ते नुसतं निरीक्षण होतं. जास्त वजनदार काम ऑक्सफर्डच्या पीटर रॉथवेल यांचं. हृदयविकारासाठी पूर्वी झालेल्या चाचण्यांतल्या माणसांचं वीस वर्षांनी काय झालं, हे त्यांनी २०१० मध्ये पाहिलं. काही वर्षं अ‍ॅस्पिरिन घेतलेल्यांत मोठ्या आतड्याचा कॅन्सर २४ टक्के कमी, त्याने होणारे मृत्यू ३५ टक्के कमी. लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे हा फायदा लगेच दिसत नाही. पॉलिपपासून कॅन्सर व्हायलाच दहाएक वर्षं लागतात, त्यामुळे आज गोळी सुरू केली तर नफा दहा वर्षांनी आणि रक्तस्रावाचा धोका मात्र पहिल्या महिन्यापासून.

टक्केवारी वाचताना आपल्या भागाचा विचार करावा लागतो. २४ टक्के कमी, पण कशाच्या २४ टक्के? मोठ्या आतड्याचा कॅन्सर भारतात युरोप-अमेरिकेपेक्षा बराच कमी आढळतो. मुळात धोका थोडा असेल तर त्यातला पाव भाग आणखी थोडा. रक्तस्रावाचा धोका मात्र इथे कमी होत नाही. उलट एच. पायलोरी आपल्याकडे भरपूर आहे, आणि तो जठरात असताना अ‍ॅस्पिरिन अल्सरला निमंत्रण देते.

दुसरं असं की कोल्हापूर-सांगली-निपाणी पट्ट्यात ज्या कॅन्सरची सगळ्यात आधी भीती बाळगावी तो तोंडाचा, कारण तंबाखू, मावा आणि मिसरी. त्यावर या गोळीचा विश्वास ठेवण्याजोगा उपयोग सिद्ध झालेला नाही. तंबाखू चालू ठेवून अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्याला खोटा दिलासा मिळतो, बाकी काही नाही.

मग २०१८ आलं आणि चित्र बदललं. अ‍ॅस्प्री नावाच्या चाचणीत ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतली १९,११४ निरोगी वयस्क माणसं होती, बहुतेक सत्तरीच्या पुढची. अर्ध्यांना रोज १०० मिग्रॅ अ‍ॅस्पिरिन, अर्ध्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी, सरासरी पावणेपाच वर्षं. अ‍ॅस्पिरिनच्या गटात कॅन्सरने मृत्यू ३.१ टक्के, दुसऱ्या गटात २.३ टक्के. म्हणजे कमी नाही, जास्तच. मोठा रक्तस्राव दर हजार माणसांमागे दरवर्षी ८.६ विरुद्ध ६.२. कॅन्सरचे मृत्यू का वाढले याचं पक्कं स्पष्टीकरण अजून मिळालेलं नाही, पण सत्तरीच्या माणसाला ‘घ्यायला काय हरकत आहे’ असं सांगण्याचा अधिकार त्यानंतर कुणालाच राहिला नाही.

मधुमेहींसाठी त्याच वर्षीची अ‍ॅसेंड चाचणी वाचावी. कोल्हापुरात घरटी एखादा साखरेचा रुग्ण असतो, म्हणून ती आपल्या जास्त जवळची. १५,४८० मधुमेही, रोज १०० मिग्रॅ, सरासरी ७.४ वर्षं. हृदय-मेंदूचे गंभीर झटके ९.६ वरून ८.५ टक्क्यांवर आले. मोठे रक्तस्राव ३.२ वरून ४.१ टक्क्यांवर गेले. अन्नमार्गाच्या कॅन्सरमध्ये दोन्ही गटांत फरक नाही. हजार माणसांत अकरा झटके वाचले आणि नऊ रक्तस्राव वाढले, असा साधारण सौदा.

अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने २०१६ मध्ये ५० ते ५९ वयोगटातल्या, हृदयविकाराचा धोका जास्त असलेल्या लोकांना हृदय आणि आतड्याचा कॅन्सर दोन्हींसाठी ही गोळी सुचवली होती. २०२२ मध्ये त्यांनी कॅन्सरचा भाग काढून टाकला आणि साठीनंतर हृदयाच्या प्रतिबंधासाठीही नव्याने सुरू करू नये असं सांगितलं. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे बरेच मेसेज अजून २०१६ च्याच सल्ल्यावर उभे आहेत.

ऑपरेशन झालेल्यांसाठी

इथे चित्र जास्त आशादायक आहे. स्वीडन आणि शेजारच्या देशांतली अलास्का नावाची चाचणी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. मोठ्या आतड्याच्या किंवा गुदाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या, आणि गाठीत पीआय३के मार्गातला (पेशीला वाढण्याचा संदेश देणारी साखळी) जनुकीय बदल असलेल्या रुग्णांना तीन वर्षं रोज १६० मिग्रॅ अ‍ॅस्पिरिन दिली. मुख्य गटात तीन वर्षांत कॅन्सर परत येण्याचं प्रमाण १४.१ ऐवजी ७.७ टक्के. म्हणजे जवळपास निम्मं. तपासलेल्या रुग्णांपैकी तिसऱ्या हिश्शाहून जास्त जणांत हा बदल सापडला होता. उलट आशियातल्या रुग्णांवर २०० मिग्रॅने झालेल्या अ‍ॅस्कॉल्ट चाचणीत, गाठीची जनुकं न बघता सरसकट दिल्यावर ठोस फायदा दिसला नाही. स्तनाच्या कॅन्सरमध्ये ३०० मिग्रॅ देऊन पाहिलेली अमेरिकेतली मोठी चाचणी २०२४ मध्ये फायद्याविना संपली.

यातून रुग्णाच्या घरच्यांनी करायचं काम एकच: ‘गाठीची पीआयके३सीए (याच मार्गातलं जनुक) तपासणी करता येईल का?’ हा प्रश्न कॅन्सरतज्ज्ञांना विचारायचा. १६० ची गोळी आपल्याकडे नेहमीच्या काउंटरवर मिळत नाही, सर्वात जवळची ताकद १५०. ती चालेल का, केमोबरोबर कधी सुरू करायची, प्लेटलेट किती असाव्यात, हे ठरवणं त्यांचंच काम आहे. केमोने प्लेटलेट खाली आल्या असताना घरच्यांनी परस्पर सुरू केलेली अ‍ॅस्पिरिन फार महागात पडते.

घ्यायचीच असेल तर: कुठे चुकतं आणि का

पहिली चूक पट्टीतच होते. ‘इकोस्प्रिन द्या’ एवढंच म्हटलं तर त्या नावाने निदान तीन वेगळी औषधं कपाटात असतात. साधी ७५ किंवा १५०, एव्ही म्हणजे सोबत कोलेस्टेरॉलचं अ‍ॅटोरव्हास्टॅटिन, आणि गोल्ड म्हणजे त्यात शिवाय क्लोपिडोग्रेल हे प्लेटलेट अडवणारं दुसरं औषध. गोल्डची कॅप्सूल चालू असलेल्याने वर साधी इकोस्प्रिन घेतली की क्लोपिडोग्रेलबरोबर अ‍ॅस्पिरिनचा डोस दोनदा पोटात जातो आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. चिठ्ठी किंवा जुनी पट्टी दाखवा आणि घटकांची बारीक ओळ वाचूनच पैसे द्या.

गोळीवरचं आवरण जठरात न विरघळता पुढे आतड्यात विरघळावं म्हणून असतं. ती फोडायची नाही, चावायची नाही, अर्धी करायची नाही. अ‍ॅसिडिटीसाठी जेल किंवा चघळायची गोळी तिच्याबरोबर घेतली तर जठरातलं आम्ल कमी होऊन आवरण तिथेच सुटतं. दोन तासांचं अंतर ठेवा. पण आवरण आहे म्हणून अल्सर होत नाही, हा समज काढून टाका. जठराच्या अस्तराचं संरक्षण रक्तातून पोचणाऱ्या अ‍ॅस्पिरिनमुळेही कमी होतं, फक्त गोळीच्या स्पर्शाने नाही. आवरण असलेल्या आणि नसलेल्या गोळीत मोठ्या रक्तस्रावाचा फरक म्हणावा असा निघालेला नाही.

आवरणाची दुसरी अडचण वजनाची. जाडजूड माणसात आवरणाची ७५ ची गोळी कमी शोषली जाते. रॉथवेल यांनी २०१८ मध्ये दाखवलं की ७५ ते १०० मिग्रॅचा हृदयाला फायदा ७० किलोच्या खालच्या माणसांत दिसतो, वरच्यांत जवळपास नाही. आतड्याच्या कॅन्सरमध्येही कल तसाच. तालमीतल्या नव्वद किलोच्या पैलवानाने म्हणून स्वतःच्या मनाने दोन-तीन गोळ्या घ्याव्यात असा याचा अर्थ नाही. डोस वाढला की रक्तस्रावही वाढतो. ‘एकच डोस सगळ्यांना’ हा मेसेजमधला भाग चुकीचा आहे, एवढाच अर्थ.

आयब्रुफेनबरोबरची गाठ फार कमी लोकांना माहीत असते. ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम आणि अ‍ॅस्पिरिन एकाच एन्झाइमच्या एकाच जागेवर जाऊन बसतात. आयब्रुफेन आधी बसलं तर अ‍ॅस्पिरिनला जागा मिळत नाही, आणि आयब्रुफेन थोड्या तासांनी उठून गेलं तोवर अ‍ॅस्पिरिन रक्तातून संपलेली असते. साध्या, आवरण नसलेल्या अ‍ॅस्पिरिनसाठी नियम असा की अ‍ॅस्पिरिननंतर निदान अर्ध्या तासाने आयब्रुफेन, किंवा आयब्रुफेननंतर आठ तासांनी अ‍ॅस्पिरिन. आवरणाच्या गोळीसाठी असं नेमकं वेळापत्रक देता येत नाही, कारण ती कधी विरघळेल हे माणसागणिक बदलतं. त्यामुळे रोज अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्याने दुखण्यासाठी पॅरासिटामॉलच निवडावं.

पावसाळ्यातली सूचना जीव वाचवणारी आहे. जुलै ते नोव्हेंबर कोल्हापुरात डेंग्यूचे रुग्ण असतात. ताप आला की अंगदुखीसाठी अ‍ॅस्पिरिन, आयब्रुफेन, डायक्लोफेनॅक यांपैकी काही घेऊ नये. डेंग्यूत प्लेटलेट आधीच घसरतात, आणि उरलेल्याही ही औषधं निकामी करतात. फक्त पॅरासिटामॉल. हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असलेल्याला ताप आला तर ती चालू ठेवायची की थांबवायची हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा.

सोळा वर्षांखालच्या मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नये, विषाणूच्या तापात रे सिंड्रोम होऊन मेंदू आणि यकृत दोन्ही धोक्यात येतात. दमेकऱ्यांतल्या काहींना या गोळीने दम लागतो, नाकात पॉलिप असतील तर शक्यता जास्त. गाऊट असेल तर लहान डोसची अ‍ॅस्पिरिन युरिक अ‍ॅसिड वाढवते. अ‍ॅसिट्रॉमसारखं रक्त न गोठू देणारं औषध चालू असेल तर ही स्वतःहून कधीच नाही. रोज दारू पिणाऱ्यालाही नाही. दाढ काढायची असेल, मोतीबिंदू किंवा दुसरं कुठलं ऑपरेशन असेल तर दोन-चार दिवस आधी नाही, तारीख ठरते तेव्हाच सांगा.

जठराकडे आता नीट बघू, कारण इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. अ‍ॅस्पिरिनचा अल्सर बऱ्याचदा दुखतच नाही. दुखला तरी मिसळीचा कट किंवा तांबड्या रश्शाचं तिखट अंगावर आलं असं समजून माणूस अ‍ॅसिडिटीची गोळी घेऊन गप्प बसतो. शौचाला काळं, डांबरासारखं चिकट आणि उग्र वासाचं झालं तर ते वरून आलेलं रक्त आहे. लोहाच्या गोळीनेही शौच काळपट होतं, पण ते चिकट नसतं आणि तसा वास नसतो. कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, उभं राहिल्यावर चक्कर, घाम आणि धडधड यांपैकी काहीही झालं तर सकाळची वाट न बघता थेट इमर्जन्सीत जा आणि अ‍ॅस्पिरिन चालू असल्याचं सांगा.

हळू झिरपणारं रक्त दिसतही नाही. अ‍ॅस्प्रीतल्या माणसांच्या पुढच्या तपासणीत अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांत अ‍ॅनिमिया सुमारे २० टक्के जास्त निघाला. म्हणून दीर्घकाळ घेणाऱ्याने वर्षातून एकदा हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) पाहावं. ते उतरत असेल तर नुसती लोहाची गोळी लिहून थांबू नये, रक्त कुठून जातंय ते शोधावं. कधी अ‍ॅस्पिरिनमुळे रक्त येतं ते तिथे लपलेल्या गाठीतूनच, आणि तेव्हा केलेली तपासणी कॅन्सर लवकर पकडते. मूळव्याध असेल म्हणून सोडून देऊ नका.

गोळी दीर्घकाळ लागणार हे ठरलं, तर आधी एच. पायलोरीची तपासणी करून घेणं शहाणपणाचं. शौचाची अँटिजन किंवा श्वासाची तपासणी पुरते. त्याआधी पॅन्टोप्रॅझोलसारखी आम्ल कमी करणारी औषधं दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे बंद असावी लागतात, नाहीतर जिवाणू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येतो. ब्रिटनमधल्या हीट चाचणीत जिवाणू मारल्यावर अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांतला अल्सरचा रक्तस्राव पहिली अडीच वर्षं स्पष्ट कमी झाला. वय जास्त असेल किंवा पूर्वी अल्सर झाला असेल तर डॉक्टर सोबत पॅन्टोप्रॅझोल देतात. तेही मनाने सुरू किंवा बंद करायचं नाही.

साठवणुकीचं थोडक्यात. अ‍ॅस्पिरिनला दमट हवा चालत नाही. ओलाव्याने ती फुटून सॅलिसिलिक आणि अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड होते. डबीत काढून ठेवलेल्या गोळ्यांना व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर टाकून द्या. पट्टीतच ठेवा आणि न्हाणीघराच्या किंवा स्वयंपाकघरातल्या शेगडीजवळच्या फळीवर ठेवू नका.

बाकीच्या गोळ्या

‘अ‍ॅस्पिरिनने होत असेल तर माझ्या गुडघ्याच्या गोळीनेही होईल’ हा पुढचा प्रश्न. नाही. उसाच्या फडात राबणारे, बांधकामावरचे, तालमीतले कितीतरी लोक डायक्लोफेनॅक किंवा अ‍ॅसेक्लोफेनॅकची पट्टी रोजच्या रोज संपवतात. या गोळ्या प्लेटलेटला कायमचं बांधत नाहीत, त्यामुळे हृदयाला अ‍ॅस्पिरिनसारखं संरक्षण नाही. डायक्लोफेनॅकने तर हार्ट अटॅकचा धोका वाढतो. बीपीची टेल्मिसार्टनसारखी गोळी, लघवी वाढवणारी गोळी आणि वर ही पेनकिलर असं तिन्ही एकत्र आलं, त्यात उन्हात घाम गाळून पाणी कमी प्यायलं गेलं, की किडनी काही दिवसांत बसू शकते. कॅन्सर टाळण्यासाठी या गोळ्यांना आमच्याकडून शून्य गुण.

सेलेकॉक्सिब या सांधेदुखीच्या गोळीची गोष्ट वेगळी आणि शिकवणारी आहे. ती फक्त कॉक्स-२ वर काम करते, म्हणजे जठर वाचतं आणि पॉलिपवर मारा होतो, असा विचार. शेकड्यांनी पॉलिप होणाऱ्या एफएपी या आनुवंशिक आजारात दिवसातून दोनदा ४०० मिग्रॅ दिल्यावर सहा महिन्यांत पॉलिपची संख्या २८ टक्के घटली, आणि अमेरिकेत १९९९ मध्ये त्यासाठी मंजुरीही मिळाली. मग तिच्याच कुळातल्या रोफेकॉक्सिबची पॉलिप टाळण्यासाठी चाचणी चालू असताना, दीड वर्षानंतर हार्ट अटॅक आणि पक्षाघात वाढलेले दिसले. सप्टेंबर २००४ मध्ये मर्कने ते औषध जगभरातून मागे घेतलं. सेलेकॉक्सिबच्या पॉलिप चाचणीतही पॉलिप लक्षणीय घटले, पण हृदयाचे झटके वाढल्याने डिसेंबर २००४ मध्ये डोस थांबवावे लागले. एफएपीसाठीची मंजुरी २०११ मध्ये मागे घेतली गेली. औषध पॉलिपवर चाललं, माणसावर नाही. सांधेदुखीसाठी थोडे दिवस डॉक्टरांनी दिलेलं सेलेकॉक्सिब ठीक, कॅन्सर टाळायला वर्षानुवर्षं नको.

डिस्प्रिनमध्ये ३०० मिग्रॅहून जास्त अ‍ॅस्पिरिन असते आणि ती डोकेदुखीची गोळी आहे. रोजच्या वापरासाठी मुळीच नाही.

शेजारी सांगलीत हळदीची एवढी मोठी पेठ असल्याने हळदीच्या, म्हणजे करक्युमिनच्या कॅप्सूलबद्दलही हमखास विचारलं जातं. हळदीत करक्युमिन साधारण २ ते ५ टक्के. ते आतड्यातून फारसं शोषलं जात नाही, म्हणून कॅप्सूलमध्ये मिऱ्यातलं पायपरिन घालतात. बंगळूरच्या सेंट जॉन्समधल्या १९९८ च्या अभ्यासात पायपरिनने रक्तातलं करक्युमिन वीसपट वाढलेलं दिसलं. पण रक्तात वाढणं म्हणजे कॅन्सर टळणं नव्हे, तसा पुरावा माणसांत नाही. उलट जास्त शोषल्या जाणाऱ्या अशा कॅप्सूलमुळे यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद आहे. भाजीतली हळद निर्धास्त खा. कॅप्सूलवर महिन्याला शेकडो रुपये घालवू नका, आणि अ‍ॅस्पिरिनबरोबर तर घेऊच नका.

दाह मुळातून थांबवणारी जी गोष्ट खरोखर चालते ती मात्र लोकांना दाह कमी करणारं औषध वाटतच नाही. मुलींना गर्भाशयमुखाचा कॅन्सर करणाऱ्या एचपीव्ही विषाणूची लस (पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक २०२३ पासून मिळते), बाळाला जन्मताच हिपॅटायटिस बीची लस, सापडलेल्या एच. पायलोरीचा पूर्ण कोर्स आणि तंबाखू बंद. यांत सूज दाबत नाही, तिचं कारणच काढतो.

ज्या घरांसाठी ही गोळी खरंच आहे

लिंच सिंड्रोममध्ये जनुकातल्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणाच जन्मतः अधू असते. मोठ्या आतड्याचा आणि गर्भाशयाचा कॅन्सर कमी वयात होतो, पिढ्यानपिढ्या होतो. कॅप-२ चाचणीत अशा ८६१ जणांपैकी अर्ध्यांना सरासरी दोन वर्षं रोज ६०० मिग्रॅ अ‍ॅस्पिरिन दिली. दहा वर्षांहून जास्त पाठपुराव्यात अ‍ॅस्पिरिन घेतलेल्या ४२७ मध्ये आतड्याचे ४० कॅन्सर, न घेतलेल्या ४३४ मध्ये ५८. दोन वर्षांच्या गोळीचा परिणाम इतकी वर्षं टिकला, हे या सगळ्या विषयातलं सर्वात भक्कम पान आहे. २०२० मध्ये ब्रिटनच्या नाइस संस्थेने लिंचसाठी अ‍ॅस्पिरिन सुचवली. तिथे व्यवहारात १५० किंवा ३०० मिग्रॅ वापरतात. कोलोनोस्कोपी मात्र तरीही एक-दोन वर्षांनी करावीच लागते, गोळी तिची जागा घेत नाही.

आपल्या घरात लिंच असेल का, हे ओळखायची जुनी कसोटी सोपी आहे. मोठं आतडं, गर्भाशय, लहान आतडं किंवा मूत्रवाहिनी (किडनीतून मूत्राशयाकडे जाणारी नळी) यांचा कॅन्सर रक्ताच्या नात्यातल्या तिघांना, त्यातला एक बाकीच्या दोघांचा आई-वडील, भाऊ-बहीण किंवा मूल, सलग दोन पिढ्यांत, आणि निदान एकाला पन्नाशीच्या आत. या कसोटीत न बसणारी लिंचची घरंही असतात, म्हणून पन्नाशीच्या आत आतड्याचा कॅन्सर झालेला एकच माणूस असला तरी विचारावं.

सुरुवात रुग्णापासून होते, निरोगी भावंडांपासून नाही. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा मेणात बसवलेला ब्लॉक पॅथॉलॉजी लॅबमध्ये असतो. तो मागून घ्या, पावती आणि ब्लॉकचा नंबर जपून ठेवा, कारण जुने ब्लॉक लॅब कायम सांभाळत नाही. त्यावर एमएमआरची (जनुकातल्या चुका दुरुस्त करणाऱ्या त्याच यंत्रणेची) इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री करायला सांगा, म्हणजे एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६ आणि पीएमएस२ ही चार प्रथिनं आहेत का ते कळतं. एखादं नसेल तर रुग्णाची रक्तातली जनुक तपासणी, आणि तिथे दोष सापडला तर मगच भावंडांची आणि सज्ञान मुलांची तेवढ्याच एका दोषासाठी तपासणी. ज्याच्यात तो सापडेल त्याने हे कागद, वजन, बीपी, हिमोग्लोबिन आणि एच. पायलोरीचा रिपोर्ट घेऊन पोटविकार किंवा कॅन्सरतज्ज्ञांकडे जावं आणि डोसची चिठ्ठी तिथूनच आणावी.